समुद्रकाठी एक दिवस : मजा सगळ्यांना कशी येईल?

चांदणी_रात

पुढच्या महिन्यात आम्ही घरचे नऊजण समुद्रकाठच्या एका गावी जाऊन येणार आहोत. मुक्काम नाही. पहाटे निघायचं, रात्री परत. सगळ्यात धाकटी चार वर्षांची भाची, सगळ्यात मोठ्या शहात्तर वर्षांच्या सासूबाई. मध्ये एक पंधरा वर्षांचा पुतण्या, ज्याला कशातच रस नाही. असं तोच सांगतो.

आखणी माझ्या गळ्यात पडली आहे (कशी, ते विचारू नका). आतापर्यंत जे पाहत आले त्यावरून माझं मत असं, की अशा सहलीत निम्म्या लोकांना मजा येते आणि उरलेले निम्मे ती मजा पुरवतात. कोणी टॉवेल धरून उभं, कोणी चपलांच्या ढिगाशेजारी बसलेलं, कोणी "पुरे आता, बाहेर या" म्हणून घसा फोडतंय. परतताना सगळे म्हणतात काय झकास दिवस गेला, आणि चपलांशेजारची बाई नुसती मान डोलावते.

तर प्रश्न असा. एका दिवसात गाव (बंदर, दीपगृह, जुन्या गल्ल्या, बाजार) आणि किनारा दोन्ही जमवावं की एकच काहीतरी धरावं? आधी काय? आणि चपलांशेजारी कोणी बसायचं?

पाणकोंबडा

शेवटचा प्रश्न सोपा आहे. धागाकर्तीनेच.

सुकाणू

आधी गाव की आधी किनारा हे तुमच्या हातात नाही, ते भरती ठरवते. लोक दिवस ठरवतात, गाडी ठरवतात, कपडे ठरवतात आणि भरतीची वेळ तिथे पोचल्यावर कोणाला तरी विचारतात. मग किनारा म्हणून जो पाहायला आलो तो पाण्याखाली असतो, किंवा पाणी इतकं आत गेलेलं असतं की पाय भिजवायला चिखल तुडवत जावं लागतं.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. एका भरतीपासून पुढची साधारण १२ तास २५ मिनिटांनी, म्हणजे आजची वेळ उद्या ५० एक मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी जास्त वर येतं आणि जास्त आतही जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा चढउतार कमी. लहान मूल आणि वयस्कर माणूस दोघं बरोबर असतील तर मी भांगाचे दिवस निवडेन. आणि तुम्ही जाणार त्या बंदराचाच तक्ता बघा, शेजारच्या बंदराचा चालत नाही. जागेजागी फरक किती असावा? कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात पाणी १६ मीटरपर्यंत चढतं-उतरतं, आणि भूमध्य समुद्राच्या बहुतेक किनाऱ्यांवर फरक हाताच्या काही वितींचा.

गच्चीवरचा

बापरे. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तक्ता? ऑफिसात तक्ता, शाळेत तक्ता, आता समुद्रालाही तक्ता. माझं ठाम मत : जा, बसा, पाणी बघा, भूक लागली की खा, परत या. आखणी केली की माणूस समुद्राकडे न बघता घड्याळाकडे बघतो.

सुकाणू

गच्चीवरचा, तुम्ही आखणी करत नाही म्हणजे तुमच्या घरी ती दुसरं कोणीतरी करतं.

गच्चीवरचा

(बायकोला वाचून दाखवलं. ती अजून हसते आहे. तिने सुकाणू यांना नमस्कार सांगितला आहे.)

मधली_सून

चपलांच्या प्रश्नावर बोलते, कारण ते खातं वर्षानुवर्षं माझ्याकडे होतं.

सामान जितकं जास्त तितकी राखण जास्त. नऊ माणसांमागे नऊ पिशव्या आल्या की एक माणूस गेलाच. आम्ही आता नेतो : सगळ्यांच्या कपड्यांचा एकच बोचका, पाणी, खाणं, एक चटई. किल्ली, थोडे पैसे आणि एक फोन गळ्यातल्या पाणबंद पिशवीत. बाकीचे फोन गाडीत, नजरेआड. दागिने घरी. यानंतर किनाऱ्यावर जे उरतं ते कोणी उचलून नेलं तरी रडू येऊ नये इतपतच असावं.

दुसरं म्हणजे सामानावर लक्ष आणि पाण्यातल्या मुलांवर लक्ष ही दोन वेगळी कामं आहेत, एका माणसाला दोन्ही देऊ नका. मोठ्या घोळक्यात सगळ्यांना वाटतं दुसरा कोणीतरी बघतोय. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही. त्याला श्वास घ्यायचा असतो, ओरडायला हवा उरत नाही. हात वर करून हलवत नाही, हातांनी पाणी खाली दाबत राहतं. सगळं मिनिटाच्या आत आणि आवाज न करता होतं. म्हणून आमच्याकडे "पाण्याचा माणूस" असतो. त्याच्या डोक्यावर लाल टोपी. ज्याच्या डोक्यावर टोपी त्याने फोन बघायचा नाही, गप्पा मारायच्या नाहीत. वीस मिनिटं झाली की टोपी पुढच्याला. टोपी दिली म्हणजे तोंडाने "आता तू" म्हणायचं, समोरच्याने "हो" म्हणायचं. चार वर्षांची असेल तर टोपीवाला पाण्याबाहेर नको, हाताच्या अंतरावर पाण्यातच हवा.

तिसरं, प्रत्येक मोठ्या माणसाला दिवसातला एक तास असा, की त्या तासात त्याला कोणी काही विचारायचं नाही. "टॉवेल कुठाय" हेसुद्धा नाही. हे नवऱ्यांना पटायला वेळ लागतो, कारण त्यांचे बाकीचे तास तसेच असतात.

अनुस्वार

लाल टोपीला दंडवत. वाचनखूण साठवली.

पाणकोंबडा

शेवटच्या वाक्यावर पुरुषमंडळाचा निषेध नोंदवून घ्यावा. तासाभराने नोंदवतो, आत्ता आराम करतोय.

आजोबा_ऑनलाइन

मी अठ्ठ्याहत्तरचा आहे, तेव्हा सासूबाईंच्या बाजूने थोडं.

आम्हाला किनाऱ्यावर नेतात, खुर्ची मांडतात आणि म्हणतात "तुम्ही इथे निवांत बसा". पाच मिनिटांनी सगळ्यांच्या पिशव्या आमच्या पायाशी येतात. म्हणजे निवांत आम्ही नाही बसत, सामान बसतं. आम्ही पहारा देतो. वर ते मानाने सांगतात.

गुडघ्यांचं म्हणाल तर कोरडी भुसभुशीत वाळू वाईट. पाय रुततो, मुरगळतो, दम लागतो. पाणी नुकतं ओसरलेला ओला पट्टा मात्र कडक असतो, त्यावर काठी घेऊन आरामात चालता येतं. तेव्हा सुकाणूंचा तक्ता आमच्याही कामाचा. रस्त्यापासून त्या पट्ट्यापर्यंत कोरडी वाळू कुठे कमी आहे ते आधी एका पोराला पाठवून बघून घ्या. खुर्चीचे पाय रुततात, खाली पुठ्ठा किंवा फळी टाका. आणि स्वच्छतागृह कुठे आहे हे गाडीतून उतरायच्या आधी माहीत हवं. आमच्या वयाचे लोक पाणी कमी पितात ते याच भीतीने, आणि मग उन्हात चक्कर येते.

पण खरं सांगायचं तर मला पुळणीपेक्षा धक्का आवडतो. तिथे बसायला कट्टा असतो, सावली असते आणि काहीतरी चाललेलं असतं. एकदा जाळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाशेजारी बसलो होतो. त्याच्या हातात बोटभर रुंदीची चपटी सुई, मधोमध एक जीभ, त्या जिभेभोवती दोरा गुंडाळलेला. सुई भोकातून जाते, बोटाभोवती वळसा, गाठ, ओढ. जाळ्याच्या घराचं माप तो मोजत नव्हता, डाव्या हाताच्या दोन बोटांत धरलेल्या पट्टीवर प्रत्येक फास बेतत होता. फाटलेली बाजू कुठे संपली आणि नवी कुठे सुरू झाली हे शेवटी मला दाखवता आलं नसतं. नातवंडं पाण्यात होती, मला त्यांची आठवणही झाली नाही.

चांदणी_रात

आजोबा, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. म्हणाल्या, "माझे गुडघे तुमच्याच मनात जास्त दुखतात. मला घोटाभर पाण्यात उभं राहायचंय, आणि पिशव्या कोणी माझ्यापाशी ठेवायच्या नाहीत." तर एक मागणी अधिकृतपणे आली.

इयत्ता_अकरावी

पुतण्याच्या बाजूने मी. रस नाही याचा अर्थ "चल ना, सगळे मिळून फोटो काढू" यात रस नाही. दोन तास एकटं सोडा, कुठे आहे ते कळवायला सांगा, परत यायची वेळ आणि जागा ठरवा. तो येईल. आणि कृपया त्याला चार वर्षांच्या बहिणीला सांभाळायला देऊ नका, ते आम्हाला आधीच दिसत असतं.

क्षितिजापार

किंवा त्याला एक उद्योग द्या. किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिज किती दूर असतं? बहुतेक लोक पन्नास किलोमीटर वगैरे सांगतात. पाण्यापासून डोळ्यांची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ३.५७ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. उभ्या माणसाचे डोळे १.७ मीटरवर धरले तर जेमतेम साडेचार-पावणेपाच किलोमीटर. वाळूत बसलात तर तीनच्या आसपास. दीपगृहाच्या ३० मीटर उंचीच्या सज्जात गेलात तर जवळजवळ वीस. बोट दूर जाताना आधी तिचा खालचा भाग बुडतो आणि वरची डोलकाठी उरते ती यामुळेच, दुर्बीण असेल तर स्वच्छ दिसतं.

यातूनच एक खेळ. सूर्य समुद्रात मावळत असेल तेव्हा वाळूत आडवं पडून बघायचं. वरची कड बुडाली रे बुडाली की ताडकन उभं राहायचं. काही सेकंद सूर्य पुन्हा दिसतो आणि पुन्हा मावळतो. एका संध्याकाळी दोन सूर्यास्त, तेही फुकट. किनारा पश्चिमेकडे तोंड करून हवा हे सांगायला नको. पूर्वेचा असेल तर सूर्य पाठीमागे गावात मावळतो, तिथे हाच खेळ पहाटे उलटा करावा लागेल.

इयत्ता_अकरावी

हे भारी आहे. हे "चल ना फोटो काढू" मध्ये येत नाही.

गच्चीवरचा

आमचे एक काका सांगायचे की दर सातवी लाट मोठी असते. तीही मोजायला द्या पोराला.

सुकाणू

द्या मोजायला, सातवी निघणार नाही. मोठ्या लाटा गटागटाने येतात हे खरं, कारण वेगवेगळ्या लांबीच्या लाटा एकमेकींवर चढतात. पण गट कधी पाचाचा, कधी बाराचा, कधी नुसताच घोळ. म्हणूनच खडकावर उभं राहून फोटो काढणारे फसतात. दहा मिनिटं पाणी पायापर्यंत आलं नाही म्हणजे पुढेही येणार नाही असं काही नसतं.

आता विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी. भरतीचं पाणी एकाच वेगाने चढत नाही. सहा तासांचे बारा भाग करा : पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. समजा एकूण चढ तीन मीटर. पहिल्या तासात पाव मीटर चढलं म्हणून तुम्ही निर्धास्त बसता, आणि तिसऱ्या तासात पाऊण मीटर येतं. उतार पन्नासास एक असेल तर त्या एका तासात पाणी सदतीस-अडतीस मीटर पुढे सरकतं. तुमची चटई, आजोबांची खुर्ची, सगळं त्यात. खडकावरून, वाळूच्या दांड्यावरून किंवा बेटासारख्या जागेवरून परत यायचं असेल तर हा हिशेब डोक्यात हवा, पाणी आधी मागून भरतं.

दुसरं रिप करंट. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठून तरी परत जायला हवं, ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने आत जातं. गंमत अशी की ती जागा सगळ्यात शांत दिसते. दोन्हीकडे पांढरा फेस आणि मध्ये लाट न फुटणारा गडद पट्टा. नवखा माणूस मुलांना नेमका तिथेच उतरवतो. सापडलात तर किनाऱ्याकडे हातपाय मारू नका, पट्टीचा पोहणाराही त्याच्यापुढे थकतो. तो खाली ओढत नाही, आत नेतो. तरंगत राहा, हात हलवा, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडा आणि मग लाटांबरोबर या. दुसरा कोणी सापडला तर नुसत्या हाताने मागे उडी घेऊ नका, तरंगणारं काहीतरी फेका आणि जीवरक्षकाला बोलवा. लाल-पिवळे झेंडे असतील तिथे दोन झेंड्यांच्या मध्येच उतरायचं. लाल झेंडा म्हणजे धोका, दोन लाल म्हणजे पाण्यात जायला बंदी.

निशिगंध

हा सहलीचा धागा आहे की शोकसभेचा? मी पोरांना घेऊन जाणार होते, आता घरीच बादलीत पाय बुडवून बसावं म्हणते.

मधली_सून

निशिगंध, एवढं सगळं माहीत असलेला एक माणूस बरोबर असला की बाकीचे आठजण निवांत राहतात. माहीत नसलं की नऊजण निवांत असतात आणि गडबड तिथेच होते. बादलीचा बेत आहेच, तो पावसाळ्यात.

एक भर घालते. हवा भरलेल्या तराफ्या, मगरी, बदकं मुलांना खोल पाण्यात देऊच नका. वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर बदक आणि मूल दोन्ही निघून जातात, आणि बदकाला पकडायला बाबा निघतात.

औषधी_वही

वैद्यकीय कोपऱ्यातून थोडक्यात.

ऊन : सावली तुमच्यापेक्षा आखूड असेल तर अतिनील किरणं जोरात आहेत असं समजा. वाऱ्यामुळे भाजल्याचं कळत नाही. छत्रीखाली बसलं म्हणजे सुटलो असंही नाही, कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के किरणं उलटी फेकतो. सनस्क्रीन एसपीएफ ३० चं पुरे, ते यूव्हीबी किरणांपैकी ९७ टक्के अडवतं, ५० चं ९८. लोक जास्त आकड्यावर पैसे घालतात आणि लावताना चिमूटभर लावतात. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आलं की पुन्हा. विसरायच्या जागा : कान, मानेची मागची बाजू, पायाची वरची बाजू, टक्कल.

जेलीफिश : मेलेल्या, वाळूत पडलेल्यासुद्धा डंख करतात, पोरांना काडीने ढोसू देऊ नका. डंख झाला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नको. चोळू नका. चिकटलेले धागे चिमट्याने काढा. मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात ती जागा बुडवली की वेदना कमी होतात. व्हिनेगर काही जातींना चालतं, काहींना नाही, म्हणून तिथल्या जीवरक्षकाला विचारा. श्वास लागला, ओठ सुजले, भोवळ आली तर थेट दवाखाना.

पाणकोंबडा

म्हणजे ते... जे सगळे सांगतात ते... डंखावर करायचं नाही ना?

औषधी_वही

नाही, डंखावर लघवी करायची नाही. डंख वाढू शकतो, आणि नातंही उरत नाही.

अनुस्वार

टक्कल विसरायची जागा नाही, आठवण करून दिली जाणारी जागा आहे. हलके घ्या.

जुनी_कात्रणे

अवांतर. हे सगळं वाचताना मजा वाटली, कारण एके काळी लोक समुद्रावर मजेसाठी जातच नसत, औषधासाठी जात. अठराव्या शतकाच्या मध्यात रिचर्ड रसेल नावाचे इंग्रज डॉक्टर रोग्यांना समुद्राच्या पाण्यात बुडायला आणि ते पाणी प्यायलाही सांगत. त्यांच्यामुळे इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या ब्रायटन गावाला लोकांची रीघ लागली. अंघोळीसाठी चाकांवरच्या लाकडी खोल्या असत. आत कपडे बदलायचे, घोडा ती खोली पाण्यात ओढून नेई, मग पलीकडच्या दारातून थेट समुद्रात. चपलांपाशी बसायचा प्रश्नच नाही.

एका दिवसात जाऊन येणं मात्र रेल्वेची देणगी. लंडन ते ब्रायटन घोडागाडीने पाच-सहा तास लागत, १८४१ मध्ये रेल्वे आली आणि प्रवास दोन तासांच्या आसपास आला. मग कारकून आणि कामगारही सकाळी निघून रात्री घरी येऊ लागले. तिथल्या प्रतिष्ठितांना ते अजिबात आवडलं नाही.

गच्चीवरचा

समुद्राचं पाणी औषध म्हणून प्यायचं? लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ. रोग पळाला असेल, रोग्याच्या आधी.

निशिगंध

पण समुद्राच्या हवेने बरं वाटतं हे खरंच आहे की. तो वास आला की गाडीतच अर्धा शीण जातो. ओझोन असतो ना त्यात?

औषधी_वही

ओझोनची समजूत व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, चुकीची आहे. त्या वासात मोठा वाटा डायमिथाइल सल्फाइडचा. समुद्रातली सूक्ष्म शेवाळं एक रसायन बनवतात, जिवाणू ते मोडतात, त्यातून हा वायू सुटतो. काही समुद्रपक्षी त्याच वासावरून खाणं शोधतात.

पाणकोंबडा

म्हणजे समुद्राची हवा खायला जातो ती जिवाणूंची ढेकर असते. छान. गाडीत आता काचा वर.

उंबरठा

धागा भरकटला आहे म्हणून मूळ प्रश्नाकडे येतो. मी वेगळ्या मताचा आहे. किनारा सगळीकडे सारखाच. वाळू, पाणी, घोळका. वेगळं असतं ते गाव. समुद्रकाठची गावं समुद्राकडे तोंड करून वाढलेली असतात. धक्क्याकडे उतरणाऱ्या अरुंद गल्ल्या, खारं वारं अडवायला एकमेकांना खेटलेली घरं, मासळीबाजार नेहमी बंदराच्या हाकेवर. दीपगृहाला जायला परवानगी असेल तर तिथे चढावं, नसेल तर खालून पाहावं. असं काही न बघता दिवसभर वाळूत लोळून येणारे लोक मला कळत नाहीत.

मधली_सून

आणि चार वर्षांच्या मुलीला जुन्या गल्ल्या दाखवणारे लोक मला कळत नाहीत. ती पहिल्या वळणावर विचारणार, समुद्र कुठाय? दुसऱ्या वळणावरही.

उंबरठा

मग वेगळे व्हा. ज्याला गल्ल्या बघायच्या तो तिकडे, ज्याला लोळायचं तो इकडे. नऊजणांनी दिवसभर एकाच गोष्टीकडे बघायची सक्ती कोणी केली?

निशिगंध

वेगळंच व्हायचं तर एकत्र जायचं कशाला? एरवी घरी सगळे आपापल्या खोलीत असतातच. एक दिवस मिळतो.

आजोबा_ऑनलाइन

निशिगंध, तुमचं म्हणणं मनापासून पटतं आणि तरीही उंबरठा बरोबर आहेत. नऊजणांचा घोळका सगळ्यात हळू माणसाच्या चालीने चालतो. तो हळू माणूस मी असतो. मला ते दिसतं, आणि मग मी "मला नाही यायचं, तुम्ही जाऊन या" म्हणतो, जे खरं नसतं. दोन-दोन, तीन-तीनच्या टोळ्या केल्या की माझ्याबरोबरचा माणूस माझ्या चालीचा असतो. एकत्र यायच्या दोन वेळा पक्क्या ठेवा, दुपारचं जेवण आणि संध्याकाळ. जेवताना प्रत्येकाकडे दुसऱ्याने न पाहिलेलं काहीतरी सांगायला असतं. दिवसभर एकत्र असलेले लोक जेवताना फक्त "मीठ दे" म्हणतात.

निशिगंध

हरले. "मीठ दे" ला उत्तर नाही.

चांदणी_रात

इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. तक्ता काढला. त्या दिवशी ओहोटी साडेअकराच्या आसपास आणि भरती संध्याकाळी पावणेसहाला. त्यावरून असं ठरतंय :

पोचल्यावर सरळ किनारा. पाणी उतरत असेल, ओला पट्टा रुंद मिळेल, सासूबाईंचं घोटाभर पाणी आणि भाचीचे खेकडे-शिंपले तेव्हाच. लाल टोपी घेतली आहे, तीन जणांची पाळी लावली आहे. त्यात दीरही आहेत, त्यांना अजून माहीत नाही. ऊन चढलं की किनारा सोडायचा. जेवण एकत्र, सावलीत. दुपारी टोळ्या : दोघं-तिघं गावात, ज्यांना झोपायचं ते झोपणार, पुतण्याला दोन तास मोकळीक. तो क्षितिजाचं सूत्र वाचून म्हणाला "हं", आमच्या घरी हा मोठा प्रतिसाद मानला जातो. उतरत्या उन्हात धक्क्यावर, तोपर्यंत पाणी भरलेलं असेल. मग सूर्यास्त, दोन्ही.

सामान एकच बोचका. चपला गाडीत.

सुकाणू

छान जमलंय. दोन बारीक गोष्टी. गाडी उभी करताना भरतीची रेघ बघा, वाळूवर वाळक्या शेवाळाची आणि काटक्यांची ओळ असते तिच्या बऱ्याच वर. दुसरं, दुपारी समुद्रावरून वारा वाढतो, जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते म्हणून. छत्री रोवली असेल तर वाऱ्याच्या दिशेने कलती ठेवा आणि पायाशी ओल्या वाळूचा ढीग दाबा, नाहीतर ती शेजारच्या कुटुंबाकडे जेवायला जाते.

मधली_सून

चपला गाडीत ठेवू नका! साडेअकराच्या वाळूवर अनवाणी परत कसे येणार? चपला बरोबर, पण प्रत्येकाने आपापल्या, दोरीत अडकवून कमरेला. आणि खड्डे खणायला मनाई नाही, पण सगळ्यात छोट्या मुलीच्या गुडघ्यापेक्षा खोल नको, कडा ढासळतात. निघताना बुजवायचे.

चांदणी_रात

बरोबर. चपला कमरेला. दीर फारच देखणे दिसतील.

अनुस्वार

वाळू घालवायचा उपाय कोणी सांगितलाच नाही. ओल्या पायावरची वाळू झटकून जात नाही. पाय कोरडे होऊ द्यायचे, वर टाल्कम पावडर भुरभुरायची आणि कोरड्या फडक्याने पुसायचं. लहान मुलांच्या गुडघ्यामागच्या घड्यांत सगळ्यात जास्त असते. पावडर फक्त त्यांच्या तोंडापासून लांब.

पाणकोंबडा

सगळं झालं, एक महत्त्वाचं राहिलं. परतीच्या गाडीत खिडकी कोणाला?

इयत्ता_अकरावी

पुतण्याला.

आजोबा_ऑनलाइन

सासूबाईंना. हा वादाचा विषयच नाही.

गच्चीवरचा

जो गाडी चालवत नाही आणि झोपतही नाही त्याला. झोपणाऱ्याला खिडकी देणं हा अपव्यय आहे.

उंबरठा

यासाठी वेगळा धागा काढा, इथे दोनशे प्रतिसाद होतील.